कझाक गरुडपाळांच्या घरी पाहुणे म्हणून जाताना

मंगोलियातल्या बायान-उल्गीच्या सहलींच्या जाहिराती बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या, म्हणजे तिथल्या गरुड महोत्सवांच्या दिवसांतल्या असतात. गरुड घेऊन खरी शिकार होते ती मात्र बर्फ पडल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. या दोन हंगामांमधला फरक कळला की या प्रवासातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. महोत्सवात नेमकं काय बघायला मिळतं, एखाद्या कुटुंबाकडे राहायला गेल्यावर काय मिळतं, आणि एवढा खर्च करून गेलेली काही माणसं हिरमुसली होऊन का परततात, हे सगळं त्या फरकाशी जोडलेलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. बायान-उल्गी हा मंगोलियाचा अगदी पश्चिमेचा प्रांत. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला चीन. कझाकस्तान इथून हाकेच्या अंतरावर वाटतो, पण मंगोलिया आणि कझाकस्तान यांची सीमा कुठेच एकमेकींना लागत नाही. मध्ये चाळीसेक किलोमीटरची रशिया-चीनची पट्टी आहे. प्रांताची लोकसंख्या लाखभर, आणि त्यात दहातले जवळपास नऊजण कझाक. संपूर्ण मंगोलियात मात्र कझाक लोक शेकडा चारच्या आसपास भरतात. ते सुन्नी मुस्लिम आहेत, घरात कझाक बोलतात, आणि बौद्ध-बहुल मंगोल देशात वेगळे उठून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे पूर्वज चराऊ कुरणांच्या शोधात अल्ताई पर्वत ओलांडून इकडे सरकले. पुढे देशांच्या सीमा पक्क्या झाल्या आणि ते या बाजूला राहिले. १९४० मध्ये त्यांच्यासाठी हा वेगळा प्रांत झाला.

मग कझाकांचं भटकं जीवन बघायला कझाकस्तानात का जायचं नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दुःखद आहे. १९३० ते १९३३ या काळात सोव्हिएत सत्तेने कझाक पशुपालकांची जनावरं सक्तीने सामूहिक शेतांकडे घेतली आणि माणसांना एका जागी बसवलं. दुष्काळ पडला. सुमारे पंधरा लाख माणसं मेली, त्यात बहुसंख्य कझाक होते. कळप संपले, आणि कळपांबरोबर हिंडण्याचं कारणही संपलं. आज कझाकस्तानात गरुडाची कला जपणारी माणसं आहेत. अल्माटीच्या पूर्वेला नुरा नावाच्या गावात तर ती चांगली टिकून आहे. २०२४ मध्ये अस्तानात झालेल्या जागतिक भटक्या क्रीडा स्पर्धेतही शिकारी पक्ष्यांच्या स्पर्धा होत्या. पण तिथला गरुडपाळ बहुधा गावात किंवा शहरात राहतो. मंगोलियातही समाजवादी राजवट होती, तिथेही १९५० च्या दशकात कळप सामूहिक झाले. तरी जनावरांमागे ऋतूनुसार जागा बदलणं थांबलं नाही. म्हणून गरुड, कळप आणि फिरतं घर या तिन्ही गोष्टी एकाच कुटुंबात बघायच्या असतील तर बायान-उल्गीच गाठावं लागतं.

‘भटके’ म्हटलं की वाटेल तिकडे जाणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. तसं इथे नाही. आपल्याकडचा धनगर पावसाळ्यानंतर कोणत्या वाटेने कोकणात उतरेल आणि कोणाच्या शेतात मेंढ्या बसवेल हे जसं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, तसंच कझाक कुटुंबाच्या वर्षाला ठरलेल्या चार जागा असतात. हिवाळ्याची ‘किस्ताउ’, वसंताची ‘कोक्तेउ’, उन्हाळ्याची ‘जाइलाउ’ आणि शरदाची ‘कुझेउ’. उन्हाळ्यात उंचावरच्या हिरव्या कुरणात ते नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल घरात राहतात. या घराला कझाक ‘किइझ उय’ म्हणतात. ते मंगोलांच्या अशाच गोल घरापेक्षा, ‘गेर’पेक्षा, उंच आणि प्रशस्त असतं, आणि आत भरतकामाचे मोठे पडदे आणि रंगीत नमद्यांचे गालिचे असतात. हिवाळ्यात मात्र तेच कुटुंब दरीतल्या आडोशाच्या मातीविटांच्या किंवा लाकडी पक्क्या घरात असतं. शेजारी जनावरांचा गोठा, आत शेणाच्या गोवऱ्यांवर पेटलेली शेगडी.

म्हणजे गंमत बघा. खरी शिकार बघायची तर हिवाळ्यात जायचं, आणि तेव्हा ते सुंदर गोल घर बहुधा घडी करून ठेवलेलं असतं. गोल घरात राहायचं तर उन्हाळ्यात जायचं, आणि तेव्हा गरुड पिसं झाडत असतो, पोटभर खाऊन सुस्त बसलेला असतो, त्याला कोणी उडवत नाही. जाहिरातीतल्या एका छायाचित्रात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. प्रत्यक्षात त्या एकाच भेटीत क्वचितच जुळून येतात. आयोजकाने हे आधी सांगितलं नाही तर प्रवाशाला फसवल्यासारखं वाटतं, आणि राग निघतो त्या बिचाऱ्या कुटुंबावर.

आता गरुडाकडे येऊ, कारण ही सगळी विद्या त्याच्याभोवती उभी आहे.

पक्षी आहे सुवर्ण गरुड, कझाक त्याला ‘बुर्किट’ म्हणतात आणि तो बाळगणाऱ्याला ‘बुर्किटशी’. शिकारीला जवळजवळ नेहमी मादीच घेतात. शिकारी पक्ष्यांमध्ये मादी नरापेक्षा मोठी असते. सुवर्ण गरुडाची मादी पाच-सहा किलोची, पंखांचा पसारा दोन मीटरच्या पुढे. पिल्लू दोन प्रकारे मिळतं. एक तर कड्यावरच्या घरट्यातून उचलतात, किंवा उडायला लागलेला तरुण पक्षी जाळ्यात पकडतात. घरट्यातलं पिल्लू माणसाला लवकर सरावतं, पण त्याला शिकार माणसाने शिकवावी लागते. पकडलेल्या पक्ष्याला शिकार आधीच येत असते. त्याला माणसाची सवय लावणं हेच खरं अवघड काम.

गरुड कुत्र्यासारखा माणसाळत नाही. तो मालकाला खूश करायला काही करत नाही. तो परत येतो कारण हातमोज्यावर अन्न मिळतं हे त्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं, आणि कारण त्याला त्या वेळी भूक असते. सगळी कला या भुकेच्या मोजमापात आहे. गरुड फार भरलेला असेल तर तो उडून एखाद्या सुळक्यावर जाऊन बसेल आणि तासन्‌तास खाली बघणार नाही. फार उपाशी असेल तर अशक्त होईल आणि बर्फात शिकार करताना जायबंदी होईल किंवा मरेल. शिकारीचा हंगाम जवळ आला की बुर्किटशी त्याचा उन्हाळ्यातला मेद हळूहळू उतरवतो. मांस पाण्यात धुऊन, त्यातलं रक्त काढून खायला देतो, म्हणजे पोट भरतं पण अंगी फारसं लागत नाही. हे धुतलेलं मांस त्यांच्या बोलीत ‘पांढरा’ चारा. रोज छातीचं हाड हाताने चाचपून पक्षी किती उतरला हे तो ओळखतो. तराजू नसतो. ही बोटांची जाण मुलगा बापाजवळ बसून, वर्षानुवर्षं बघून शिकतो, आणि कोणत्याही पुस्तकातून ती मिळणार नाही असं मला वाटतं.

गरुडाच्या डोळ्यांवरचं कातडी टोपडं म्हणजे ‘तोमागा’. ते क्रूरपणाचं वाटतं, पण त्याचं काम उलटं आहे. शिकारी पक्षी जे बघतो त्यावर चालतो. हललेली प्रत्येक वस्तू त्याला अस्वस्थ करते. डोळे झाकले की तो शांत होतो, घोड्यावर तासभर निश्चिंत बसतो. टोपडं निघालं म्हणजे काम सुरू झालं, हेही त्याला कळतं. पायात कातडी पट्टे असतात. जाड हातमोजा कझाक लोक उजव्या हातात घालतात, आणि खोगिराला टेकवलेल्या एका लाकडी दुबेळक्यावर, म्हणजे ‘बाल्दाक’वर, मनगट ठेवतात. पाच-सहा किलोचा पक्षी लांब केलेल्या हातावर घेऊन डोंगर चढायचा तर हा आधार लागतोच.

प्रशिक्षणाचे टप्पे थोडक्यात सांगतो. आधी हातमोज्यावरून खायला शिकवायचं, मग थोड्या अंतरावरून हाक मारून बोलवायचं, मग अंतर वाढवत न्यायचं. हाक प्रत्येकाची वेगळी, आणि गरुड आपल्या माणसाचा आवाज ओळखतो. त्यानंतर खोकडाच्या कातड्यात गवत भरून केलेलं आमिष घोड्यामागे दोरीने ओढत नेतात. या आमिषाला ‘शिर्गा’ म्हणतात. गरुड त्यावर झेपावला की तिथल्या तिथे मांस देतात. शेवटी खरं खोकड.

शिकार दोघातिघांची असते. गरुड घेतलेला माणूस उंच कड्यावर किंवा धारेवर थांबतो. बाकीचे खालच्या दरीत घोडे घालून, ओरडून, झुडपं हलवून खोकड उठवतात. बर्फावर ठसे दिसतात आणि तांबडं अंग लगेच नजरेत भरतं. हिवाळ्यातच खोकडाची लव दाट असते, म्हणजे कातडं उपयोगी. आणि हिवाळ्यातच पशुपालकाला थोडी सवड असते. शिकारीचा हंगाम हिवाळी का, याची कारणं ही अशी एकावर एक बसतात. गरुड वरून खाली सूर मारतो, कारण उंचीचा फायदा त्याला हवा असतो. बऱ्याचदा खोकड निसटतं. दिवसभर हिंडून रिकाम्या हाताने परतणं यात नवल काही नाही. प्रवाशाने हे मनाशी धरूनच जावं. मिळालेल्या कातड्याची हिवाळी टोपी होते, तिला ‘तिमाक’ म्हणतात. गरुडाने लांडगा मारल्याच्या कथा प्रत्येक वाडीवर ऐकायला मिळतील. पण रोजची शिकार खोकड आणि ससा, एवढीच.

आणि या विद्येतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही: गरुड आयुष्यभर ठेवत नाहीत. पाच-दहा वर्षं शिकार केल्यावर वसंतात त्याला डोंगरात सोडून देतात. सुवर्ण गरुड पाचेक वर्षांत वयात येतो आणि तीसेक वर्षं जगू शकतो. म्हणजे सुटलेल्या मादीपुढे घरटं करायला बरीच वर्षं उरतात. सोडताना तिच्यासाठी डोंगरावर मेंढी ठेवण्याची रीत आहे. सगळेच ती पाळतात असं नाही, पण घरच्या म्हाताऱ्याला त्याबद्दल विचारा. तो विषय निघाला की गप्पा लांबतात. बऱ्याच जणांना आपल्या प्रत्येक गरुडाची सोडण्याची जागा आठवते.

युनेस्कोने २०१० मध्ये शिकारी पक्षी पाळण्याच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा प्रस्ताव मांडणाऱ्या देशांमध्ये मंगोलिया होता. कझाकस्तान २०१६ मध्ये सामील झाला.

उल्गीचा, म्हणजे या प्रांताच्या मुख्य शहराचा, सुवर्ण गरुड महोत्सव त्याच्याही आधीचा, १९९९ च्या आसपास सुरू झालेला. समाजवाद कोसळल्यावर १९९० च्या दशकात इथले हजारो कझाक कझाकस्तानात निघून गेले होते. मागे राहिलेल्यांना रोख पैशाची चणचण होती, आणि जुन्या कलेला व्यासपीठही हवं होतं. महोत्सव साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, शहराबाहेरच्या टेकडीपाशी भरतो. जवळच्या सागसाईत सप्टेंबरमध्ये लहानसा मेळा असतो. गुण पोशाखाला आणि घोड्याच्या साजालाही मिळतात. मुख्य स्पर्धा दोन. टेकडीवरून सोडलेला गरुड खाली घोडेस्वाराच्या हातावर किती लवकर येतो ही एक, आणि धावत्या घोड्यामागच्या शिर्ग्यावर तो किती सफाईने झडप घालतो ही दुसरी. म्हणजे प्रशिक्षणाचेच टप्पे इथे मैदानात उतरतात. मधल्या वेळेत कोकपार असतं, दोन स्वार एकाच बकऱ्याच्या कातड्यासाठी घोड्यावरून ओढाताण करतात. भरधाव घोड्यावरून वाकून जमिनीवरची वस्तू उचलण्याचा खेळ असतो. मुलगी चाबूक घेऊन मुलाचा पाठलाग करते तो ‘किझ कुउ’ असतो. हा जत्रेचा दिवस आहे आणि तो मनापासून साजरा होतो. त्याला ‘पर्यटकांसाठीचं नाटक’ म्हणणं मला पटत नाही. नातेवाईक दूरदूरून भेटतात, घोड्यांचे सौदे होतात, लग्नं जमतात. एवढंच की ती शिकार नव्हे.

एका मुलीमुळे हा महोत्सव जगभर गाजला. २०१४ मध्ये तेरा वर्षांच्या आइशोलपान नुरगाइवने उल्गीची स्पर्धा जिंकली. तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण ‘गरुड हाताळणारी इतिहासातली पहिली मुलगी’ असा जो गाजावाजा झाला तो खरा नाही. कझाकस्तानात माकपाल अब्द्राझाकोवा तिच्या आधीच स्पर्धांमध्ये उतरत होती, आणि मध्य आशियातल्या स्त्रियांच्या हातावर शिकारी पक्षी असल्याचे जुने दाखले आहेत. बाहेरच्यांना एक सोपी कथा हवी होती. वडिलांनी मुलीला शिकवलं, ही साधी घरगुती गोष्ट त्यात झाकोळली गेली.

मार्गदर्शक घेऊन जाण्याबद्दल आता जरा सविस्तर. इथे एकट्याने हिंडणं अशक्य नाही, पण त्यात अर्थ कमी. सार्वजनिक वाहन उल्गीच्या पुढे फारसं जात नाही, रस्ते म्हणजे गवतातल्या चाकोऱ्या, आणि कुटुंब कोणत्या जागेवर आहे हे त्या आठवड्यात शेजाऱ्यालाच ठाऊक. देशाची राजधानी उलानबातर, तिथून उल्गी रस्त्याने सोळाशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून बहुतेक जण विमानाने येतात. उल्गीची वेळ राजधानीपेक्षा एक तास मागे असते. विमानं वाऱ्या-बर्फामुळे रखडतात, तेव्हा परतीच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. अल्ताई तावन बोग्द राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर सीमाभागाचा परवाना लागतो. तिथेच ४,३७४ मीटरचं खुइतेन हे मंगोलियाचं सर्वोच्च शिखर आहे. परवाना आयोजकाने उल्गीत काढून द्यायचा असतो.

मार्गदर्शक निवडताना पहिला प्रश्न भाषेचा. राजधानीतून येणारा मार्गदर्शक इंग्रजी आणि मंगोल बोलतो. पण घरातल्या आजीला आणि सुनेला बहुधा कझाकच मनापासून बोलता येतं. मध्ये दोन दुभाषे आले तर गप्पांचा जीव जातो. म्हणून कझाक मार्गदर्शक मागा, शक्यतो त्याच प्रांतातला. दुसरा प्रश्न पैशाचा. सहलीच्या एकूण किमतीत विमान, जीप, इंधन, स्वयंपाकी, राजधानीतलं हॉटेल असं बरंच असतं. ज्या घरात आपण झोपतो, ज्याचा गरुड बघतो, त्याच्या हाती त्यातलं किती पडतं हे सरळ विचारावं. रात्रीचा दर, घोड्याचा दर आणि गरुडाबरोबरच्या दिवसाचा दर वेगवेगळा सांगणारा आयोजक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

हा पैसा क्षुल्लक नाही. इथली खरी भीती ‘झुद’ची असते, म्हणजे कडक हिवाळ्यात बर्फाखाली चारा गाडला जाऊन जनावरं मरण्याची. २००९-१० च्या झुदमध्ये मंगोलियात जवळपास एक कोटी जनावरं गेली, आणि २०२३-२४ मध्ये सत्तर लाखांहून अधिक. अशा वर्षी पाहुण्यांचे पैसे म्हणजे विकत घेतलेला चारा, नाहीतर मुलाच्या वसतिगृहाचा खर्च. मुलं शाळेसाठी तालुक्याच्या गावी राहतात, आणि गरुड हाताळायला बापाजवळ उरतात त्या सुट्ट्याच. तरुण मुलगा शहरात जाणार की कळपाकडे परतणार, हे ठरवताना गरुडातून चार पैसे मिळतात ही गोष्ट धरली जाते.

पण याच पैशाने काही वाईट सवयीही लागतात. उलानबातरजवळच्या पर्यटनस्थळांच्या वाटेवर खुंटीला बांधलेले गरुड आणि गिधाडं दिसतात, फोटोचे पैसे द्यायचे आणि पुढे जायचं. त्या पक्ष्यांना कोणी शिकारीला नेत नाही. तिथे थांबू नका, एवढंच माझं म्हणणं. कुटुंबाकडे गेल्यावरही ‘अजून एकदा उडवा, उजेड चांगला आहे’ असा आग्रह होतो. गरुड प्रत्येक वेळी मांसाचा तुकडा खातो, थोड्या वेळाने त्याचं पोट भरतं, आणि मग त्याला उडवणं धोक्याचं असतं. तो निघून जाऊ शकतो. बुर्किटशी पाहुण्याला नाही म्हणायला संकोचतो, म्हणून थांबायचं कधी हे आपणच कळून घ्यावं. प्रात्यक्षिकासाठी जिवंत ससा किंवा खोकड सोडण्याचा प्रकारही घडतो. माझं मत स्पष्ट आहे, ते मागू नये आणि देऊ केलं तर नको म्हणावं. रानातल्या खोकडाला पळायला डोंगर असतो. पिंजऱ्यातून सोडलेल्याला नसतो.

घरात गेल्यावरचं थोडं. दारासमोरची आतली बाजू, ‘तोर’, मानाची. पाहुण्याला तिथे बसवतात. उंबऱ्यावर पाय देऊ नये. दूध आणि मीठ घातलेला चहा वाडग्यात थोडाथोडाच ओततात. तो कंजूषपणा नसतो, पुन्हापुन्हा गरम चहा देण्याचं ते निमित्त असतं. पुरे झाला की वाडग्यावर हात ठेवायचा. सोबत बाउरसाक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, आणि दगडासारखं कडक वाळवलेलं ताक-दही, म्हणजे कुर्त, येतं. मोठं जेवण म्हणजे एकाच परातीत उकडलेलं मांस आणि कणकेचे पातळ तुकडे, हिवाळ्यात त्यात घोड्याच्या मांसाचं ‘काझी’ही. जेवणाआधी घरातलं मूल तांब्याने हातावर पाणी घालतं, शेवटी वडीलधारा माणूस हात पसरून आशीर्वाद देतो आणि सगळे तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. आपणही फिरवावेत.

शाकाहारी मंडळींना इथे जमेल का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. जमतं, पण तयारीने. भाजी जवळजवळ नसते. बटाटा, गाजर, कोबी उल्गीच्या बाजारातून बरोबर घेता येतात. दूध, साय, लोणी, कुर्त आणि बाउरसाक भरपूर, मात्र बाउरसाक कधीकधी चरबीत तळलेले असतात. आयोजकाला आधीच लिहा, आणि कुटुंबाला मार्गदर्शकाकरवी पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तुमच्यासाठी मेंढी कापली जाईल आणि मग नाही म्हणणं सगळ्यांनाच जड जाईल.

हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जाऊ शकतो, आणि शिकारीच्या दिवशी सहा-सात तास घोड्यावर काढावे लागतात. घोडेस्वारी कधीच केली नसेल तर ऑक्टोबरचा महोत्सव आणि त्यानंतर एखाद्या कुटुंबाकडे तीन-चार दिवस, हा बेत उत्तम. तेव्हा गरुडाचा मेद उतरवणं सुरू असतं, रोजचा सराव जवळून बघता येतो. थंडी आणि घोडा दोन्ही झेपत असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, एकाच घरी किमान चार रात्री राहा, आणि आयोजकाला लेखी विचारा: त्या आठवड्यात कुटुंब कोणत्या जागेवर असेल, त्यांचा गरुड या हंगामात शिकारीला जातो आहे का, आणि दुभाषा कझाक आहे का. यांची उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा आयोजक शोधा.